पेणकरांचं अश्दोद

पेणमध्ये पेणकर सहसा भेटत नाही. भेटलाच तर समजावं, पाहुणा आहे. गावाचं नाव आडनाव म्हणून लावायची वेळ गाव सोडल्यावरच येते. गावात असेपर्यंत माणूस आळीच्या, धंद्याच्या नाहीतर बापाच्या नावाने ओळखला जातो. त्याच न्यायाने रोह्यात रोहेकर शोधावा लागतो आणि कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीत अष्टमकर. मला ही सगळी मंडळी एका ओळीत भेटली ती अश्दोदला, इस्रायलच्या किनाऱ्यावर, एका लहानशा सिनेगॉगमधल्या देणगीदारांच्या फलकावर. फलक हिब्रूत होता. मित्र बोट फिरवत वाचून दाखवत होता: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर, नागावकर, तळकर. मध्येच थांबला आणि येष्टीच्या कंडक्टरच्या सुरात म्हणाला, "पोयनाडवाले, पुढे व्हा."

तो 'येष्टी'च म्हणतो. सत्तरच्या दशकात पेण सोडलं तेव्हा त्याच्या तोंडात जी मराठी होती ती तशीच जपून ठेवलेली आहे. तहसीलदार कार्यालय त्याच्यासाठी अजून मामलेदार कचेरी आहे, कारण त्याचे वडील तिथे कारकून होते. आम्ही पेणच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे तो आईवडिलांबरोबर इस्रायलला गेला, पत्रं आली, मग पत्रं थांबली, मग व्हॉट्सअ‍ॅप आलं. ऑक्टोबर २०२३ च्या युद्धाआधीच्या हिवाळ्यात मी एकदाचा त्याच्याकडे गेलो.

परदेशी स्थिरावलेल्या आप्तांनी फिरवण्याचा अनुभव मराठी माणसाला आता नवा नाही. अमेरिकेतला भाचा टाइम्स स्क्वेअर दाखवतो, दुबईतला मेहुणा बुर्ज खलिफा दाखवतो, आणि संध्याकाळी दोघेही घराचा हप्ता किती ते सांगतात. शहर किती मोठं आहे आणि त्यात आपण कुठवर पोचलो, एवढं पाहुण्याला कळलं की झालं. माझ्या मित्राने तसं काही केलं नाही. यादी त्याने आधीच करून ठेवली होती आणि तीत प्रेक्षणीय म्हणावं असं फारसं नव्हतं. जिथे जिथे त्याच्या माणसांना काहीतरी सिद्ध करावं लागलं, त्या जागा होत्या. तिथे जन्मलेल्या मुलांना त्या दाखवून उपयोग नव्हता. बापाने काय मागे टाकलं हे त्यांनी पाहिलेलं नाही. त्याला दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूस हवा होता, आणि तसा माणूस पेणहूनच यायला हवा होता.

कारण बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, जाणं नोकरीधंद्यासाठीचं जाणं नव्हतं. त्यांच्या लेखी ते परतणं होतं.

पूर्वकथा रायगडकरांना थोडीफार ठाऊक असते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी या समाजाची परंपरागत हकीकत. नवगावला ते दफनस्थान आणि स्मारक आजही आहे. नेमकं कुठल्या शतकात, यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, ती त्यांची त्यांना लखलाभ. वाचलेली माणसं गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. बाकी सगळं आपल्यासारखंच: लुगडं, मंगळसूत्र, मेंदी, नारळाचं दूध. मटणात दही-दूध चालत नाही आणि नारळाचं दूध चालतं, ही तर कोकणात राहणाऱ्या ज्यूची केवढी सोय! सणांची नावंही इथलीच. हिब्रू पंचांगातल्या नववर्षाला नव्याचा सण, आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकी दिवसाला चक्क बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मांस वर्ज्य आणि पानात वालाचं बिरडं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या विध्वंसाचा शोक पेणच्या घरात कडवे वाल सोलून व्हायचा.

पेणचं सिनेगॉग १८६३ सालचं. नाव बेथ हाएलोहीम, देवाचं घर. बेने इस्रायल स्वतः त्याला मशीदच म्हणत. मुंबईत मशीद बंदर स्टेशनच्या नावाचा संबंधही त्यांच्याच जुन्या सिनेगॉगशी जोडला जातो, ते १७९६ साली समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. पेणच्या मशिदीत एकेकाळी शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष सहज जमत. दहा नसले तर सामुदायिक प्रार्थना होत नाही. १९४८ साली इस्रायल झालं आणि ही दहाची संख्या जमवणं अवघड होऊ लागलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या घरात होते. आज उरलेत चार-पाच हजार, बहुतेक मुंबई-ठाण्यात. इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू सुमारे पंच्याऐंशी हजार आहेत, असं भारतीय दूतावास सांगतो, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या या 'कर' मंडळींचा.

अश्दोदमध्ये मित्राने पहिल्यांदा नेलं ते 'रोवा अलेफ'मध्ये, म्हणजे 'अ' विभागात. हे शहर १९५६ साली वाळूच्या टेकड्यांवर आखून वसवलेलं. विभागांना नावंसुद्धा हिब्रू मुळाक्षरांची: अलेफ, बेथ, गिमेल. अलेफ सर्वांत जुना. तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या, एकाच साच्यातून काढलेल्या इमारती. भिंतींचे पोपडे, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव. त्यातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे बोट करून तो म्हणाला, "ही आमची पहिली खोली. आई पहिले सहा महिने रोज खिडकीत उभी राहून म्हणायची, झाडं कुठायत?" आता झाडं आहेत. ती कोणी, कधी लावली, पाणी कुठून आलं, हे त्याने मला बराच वेळ समजावलं. पेणच्या माणसाला पाऊस पडल्यावर झाड आपोआप येतं असं वाटतं, हे त्याला माहीत आहे.

मग बंदर. तो इथे यारीदुरुस्तीच्या खात्यात निवृत्तीपर्यंत होता. अश्दोदचं खोल पाण्यातलं बंदर १९६५ साली सुरू झालं; इस्रायलच्या मालवाहतुकीतला मोठा हिस्सा या धक्क्यांवरून जातो. आत सोडत नाहीत, म्हणून त्याने मला योनाच्या टेकडीवर नेलं. बायबलमधला, माशाच्या पोटात गेलेला तो योना इथे पुरला आहे अशी समजूत आहे. वरून सगळं बंदर दिसतं, निळ्या याऱ्यांची रांग, डब्यांचे ढीग. यारीच्या दोरखंडाला तेल कसं देतात, वारा किती झाला की काम थांबवतात, वर केबिनमधून डबा काडेपेटीएवढा दिसतो आणि तरी कोपरे बरोबर जुळवायचे असतात, हे सांगताना त्याचे हात हवेत चालत होते. मध्येच विचारलं, "अंतोऱ्याला अजून होड्या लागतात का रे?" अंतोरा हे पेणचं जुनं बंदर. भोगावतीच्या खाडीतून भात आणि मीठ मुंबईला जायचं. गाळाने भरलं, रस्ते झाले, संपलं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी अंतोऱ्याला मीठ चढवलंय. मी इथे डबे चढवले. पोरगा संगणकावर बसतो, त्याला समुद्र आवडत नाही."

त्याच्या मामाची गोष्ट मात्र वेगळ्या वर्तुळातली. मामा अष्टमीचे, म्हणजे रोहा हे माझ्या मित्राचं आजोळ. ते पन्नासच्या दशकातच इस्रायलला गेले. त्या काळात इस्रायल सरकारने नव्याने येणाऱ्यांना शहरात रेंगाळू न देता थेट वाळवंटातल्या नव्या वसाहतींत धाडायचं धोरण ठेवलं होतं. रात्री ट्रकमध्ये बसवायचं आणि सकाळी दिमोना, येरुहाम अशा नावाच्या उघड्या माळावर उतरवायचं. दिमोना १९५५ साली वसलं. आम्ही तिथे गाडीने गेलो तेव्हा नेगेवच्या वाळवंटातला तो रस्ता एवढा भकास वाटला की कुंडलिकेच्या काठच्या माणसाला इथे उतरवणाऱ्याचा मला आत्ता राग आला. मामा आधी तंबूवजा घरात, मग कापडगिरणीत. मृत समुद्राकाठच्या पोटॅशच्या कारखान्यात भाऊबंद लागले. आज दिमोनाला इस्रायलात 'छोटा भारत' म्हणतात. चौकातल्या दुकानात सोनपापडी, शेव, लोणची, हिंदी गाण्यांचा आवाज. मैदानावर क्रिकेट. दिमोना, बेरशेबा, अश्दोद, लोद या गावांत इस्रायलचं क्रिकेट जे काही जिवंत राहिलं, त्यात आपल्या लोकांचा हात मोठा. दुकानदाराने मला "कुठचे?" म्हणून मराठीत विचारलं. पेण म्हटल्यावर त्याचा पुढचा प्रश्न, "पेणचे पापड आणलेत का?" आणले होते, पण ते मित्राच्या घरी होते. मित्राने हे दुकानदाराला कळू दिलं नाही.

सगळे राहिले असंही नाही. १९५१ च्या अखेरीस काही बेने इस्रायलांनी, काळे म्हणून वेगळी वागणूक मिळते, काम मिळत नाही, आम्हाला भारतात परत पाठवा, म्हणून तेल अवीवमध्ये, स्थलांतरितांची व्यवस्था पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीत ठाण मांडलं. १९५२ मध्ये शंभरावर माणसांना खरोखरच विमानाने मुंबईला परत आणलं गेलं. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा इस्रायलला गेले. मामा म्हणत, ते लोक हट्टी होते म्हणून आम्हाला नंतर बरी वागणूक मिळाली. मामा स्वतः परत आले नाहीत. तिकिटाचे पैसे नव्हते आणि रोह्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, असं मित्राची आई सांगायची.

जेरुसलेमला जायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, आता पश्चिम भिंत, जुनं शहर. तेही पाहिलं. पण आधी त्याने किंग जॉर्ज रस्त्यावरच्या ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर गाडी थांबवली. थांबायला परवानगी नव्हती, तरी थांबवली. म्हणाला, "आमची पंढरी ही." १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, कचेरीने फर्मान काढलं की बेने इस्रायल वधू किंवा वराचं लग्न दुसऱ्या ज्यू समाजात लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तेवढ्या मागे जाऊन तपासाव्यात. यांच्यात मधल्या शतकांत कोणी बाहेरचं मिसळलं असेल, घटस्फोट आणि विधवाविवाह ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे झाले नसतील, अशी शंका. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना आता आजीच्या आजीचा दाखला आणायचा होता. मामांच्या मुलीचं लग्न एका मोरोक्कन मुलाशी ठरत होतं. मामांनी अष्टमीला पत्र लिहून विचारलं, आपल्या खापरपणजीचं माहेर कुठलं? अष्टमीहून उत्तर आलं: घोसाळ्याचं असावं. 'असावं' या शब्दावर रब्बी लग्न लावणार नव्हता.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल जेरुसलेमला आले आणि याच इमारतीसमोर ठिय्या देऊन बसले. बायका लुगड्यांत, कडेवर पोरं. भारतीय वर्तमानपत्रांतही बातम्या आल्या. शेवटी लेवी एश्कोल पंतप्रधान असताना, १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत आणि त्यांच्यात व इतर ज्यूंत भेद करता येणार नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बींनी फर्मानातलं बेने इस्रायलांचं नाव काढलं. मामा त्या ठिय्यात होते. मुलीचं लग्न झालं. तिची नातवंडं आता सैन्यात आहेत आणि हा सगळा प्रकार त्यांना पणजोबांची अतिशयोक्ती वाटते.

पश्चिम भिंतीपेक्षा ही सिमेंट-दगडाची सरकारी तोंडवळ्याची इमारत मला जास्त लक्षात राहिली, हे कबूल करायला हरकत नाही. पुढच्या गल्लीत गाडीला दंडाची चिठ्ठी लागली तेव्हा मित्र म्हणाला, "दर वेळी लागते. पाहुणा आला की हा खर्च धरायचाच."

त्याने काय दाखवलं नाही तेही सांगायला हवं. अश्दोदहून दक्षिणेला निघालं की महामार्गाच्या कडेला निवडुंगाच्या बेटात काही पडकी दगडी बांधकामं दिसतात. तिथून जाताना गाडीचा वेग कमी झाला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "इस्दूद. अरबांचं जुनं गाव." इस्दूद हे साडेचार हजारांवर वस्तीचं पॅलेस्टिनी गाव १९४८ च्या युद्धात ओस पडलं, लोक गाझाकडे गेले, आणि अश्दोदचं नाव त्याच प्राचीन नावावरून आलं. अलेफ विभागातल्या त्या बिनझाडांच्या खिडकीची गोष्ट मित्र दहा मिनिटं सांगू शकतो. या निवडुंगांची गोष्ट त्याच्याकडे एका वाक्याची आहे. निवडुंग कुंपणाला लावतात हे आम्हा दोघांनाही पेणहून ठाऊक होतं. आपल्या माणसांना कुठे नेऊन टाकलं याची तक्रार करणाऱ्याने, आपण आलो तिथून कोण गेलं हेही विचारावं, असं मला वाटतं. त्याला मी ते बोललो. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण तू चार दिवसांसाठी आलायस." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तरी माझं मत बदललं नाही.

घरी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. जन्म पनवेलचा. हातातल्या कामावरून नजर न हटवता बोलणाऱ्या. माझ्या पिशवीतले पेणचे पोहे त्यांनी आधी मुठीत घेऊन पाहिले, दोन दाणे दाताखाली धरले, आणि म्हणाल्या, "हे मलिद्याला ठेवते." दुकानात पोहे मिळतात, पण ते फुगत नाहीत की लगदा होतात, ही त्यांची जुनी तक्रार. मलिदा हा बेने इस्रायलांचा खास विधी, जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात नाही. नवस फिटला, लग्न ठरलं, घर घेतलं, की एलियाहू हनवी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करायचा.

मी बसलो होतो तिथून मला ताट नीट दिसत होतं. पोहे रोळीत धुऊन निथळत ठेवले. नारळ खवला, पांढराच, काळं एवढंसंही येऊ दिलं नाही. साखर, वेलदोड्याची पूड, बदाम-पिस्त्याचे काप. हाताने हलकं कालवून पोह्यांची रास केली आणि भोवती फळं मांडली: केळी, खजूर, संत्री, सफरचंद, डाळिंब. झाडाच्या फळाला वेगळा आशीर्वाद, जमिनीतून येणाऱ्याला वेगळा, म्हणून दोन्ही जातींचं काहीतरी हवंच. हिब्रू प्रार्थना, एलियाहूचं गाणं, मग प्रत्येकाच्या हातावर मूठभर मलिदा. मित्राचा नातू पटकन खाऊन मोबाइलकडे वळला. वहिनी त्याला हिब्रूत काहीतरी म्हणाल्या आणि शेवटी मराठीत, "सांडू नको."

अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथून स्वर्गात गेला आणि घोड्याच्या टापांच्या, चाकाच्या खुणा राहिल्या, अशी श्रद्धा. नवस फेडायला बेने इस्रायल तिथे जात. इस्रायलला आल्यावर तो खडक दूर राहिला, म्हणून ही मंडळी हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलियाच्या गुहेत मलिद्याची ताटं घेऊन जाऊ लागली. आम्हीही गेलो. गुहेत दुसऱ्या ज्यू समाजांचे लोक मेणबत्त्या लावत होते, आणि आमचं ताट पाहून एका बाईने विचारलं, हे काय? मित्राने तिला मूठभर दिलं. तिला गोड पोहे आवडले. तिने कृती विचारली, वहिनींनी सांगितली, पण पोहे कुठले घ्यायचे ते सांगितलं नाही.

मराठीचं काय झालं, हा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकाला पडणारच. बेने इस्रायलांची धर्मपुस्तकं एकोणिसाव्या शतकात मराठीत उतरली. पेसाहच्या सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह, चित्रांसह छापली गेली आणि त्या चित्रांतल्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यांत आहेत. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पण मला सगळ्यांत मोठी गंमत कीर्तनाची वाटते. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनाची लाट आली: पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सगळा थाट हरिदासी, आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. या कीर्तनकारांत गाजलेलं एक नाव बेंजामिन शिमशोन अष्टमकर. आडनाव सांगतंच की मूळ कुंडलिकेकाठचं. इस्रायलमध्ये पुरुषांची कीर्तनं मागे पडली, पण ती पदं बायकांच्या मंडळांनी धरून ठेवली. अश्दोदच्या समाजगृहात अशा एका मंडळाचा सराव मी ऐकला. पेटीवर बसलेल्या बाईंच्या वहीत देवनागरी आणि हिब्रू दोन्ही लिप्या होत्या. ज्येष्ठ बायका देवनागरी वाचत होत्या, त्यांच्या सुना तेच मराठी शब्द हिब्रू अक्षरांतून. अर्थ विचारला तर सुना सासूकडे पाहत.

'मायबोली' हे मराठी त्रैमासिक इस्रायलमधून १९८० च्या दशकापासून निघत आलं. नोहा मस्सील यांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. १९९६ साली जागतिक मराठी परिषद इस्रायलला भरली तेव्हा इथून गेलेल्या साहित्यिकांना तिथल्या लोकांची शुद्ध, जुनी मराठी ऐकून भरून आलं. भरून येणं सोपं आहे. मित्राच्या घरात 'मायबोली'चे अंक सुतळीने बांधून ठेवलेत आणि ते वाचणारं घरात त्याच्यामागे कोणी नाही. त्याला याचं दुःख किती, हे मी सांगू शकत नाही. तो म्हणतो, माझी पणजी हिब्रू वाचत नव्हती, तरी ज्यू राहिली. पोरं मराठी वाचत नाहीत, तरी पोहे खातील.

अंक ठेवलेत ती खोली म्हणजे 'ममाद', घरातली सुरक्षित खोली. १९९१ च्या आखाती युद्धात सद्दामची क्षेपणास्त्रं पडल्यावर नव्या घरांत अशी जाड काँक्रीटची, पोलादी दाराची खोली बांधणं सक्तीचं झालं. वहिनींची मसाल्यांची बरणी, तांदळाची पोती, वाल, कोकम, सगळं तिथेच, कारण ती खोली थंड असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये भोंगे वाजू लागले तेव्हा अर्ध्या रात्री सगळं कुटुंब त्या पोत्यांवर बसायचं. फोनवर मित्र म्हणाला, "हिंगाच्या वासाने झोप येत नाही, रॉकेटचं सोड." अलेफ विभागातल्या त्या पहिल्या इमारतीला मात्र ममाद नाही. तिथे राहणारे जिन्यात येऊन बसतात.

उलटा प्रवासही असतो. पेण-रोह्याला इस्रायलहून पाहुणे येतात. हल्ली सहलींच्या बस येतात: नवगाव, अलिबागची इस्रायल आळी, खंडाळ्याचा खडक, रेवदंडा, पेण. मित्र त्याच्या मुलीला घेऊन आला होता तेव्हा दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि ते किती अवघड असतं ते कळलं. सिनेगॉगची किल्ली आणवावी लागली. आत लाकडी बाकं, मध्ये तेवा म्हणजे प्रार्थनेचा चौथरा, छताला टांगलेले काचेचे दिवे. दफनभूमीत पणजोबांचा दगड सापडला, एका बाजूला हिब्रू, खाली मराठी. मुलीने हिब्रू भाग वाचला, बापाने मराठी वाचला, दोघांचे मिळून पणजोबा पूर्ण झाले.

मग गणपतींचे कारखाने. पेण म्हटलं की गणपती. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूची गावंच्या गावं वर्षभर मूर्ती करतात आणि त्या परदेशीही जातात. ज्यू धर्मात मूर्ती वर्ज्य, आणि हा मित्र वाढला मूर्तींच्या राशीत. लहानपणी शेजारच्या कारखान्यात तो तासन्‌तास डोळ्यांची आखणी पाहत बसायचा. घरून आईची ताकीद, "बघ, हात लावू नको." आखणी हे सगळ्यांत कसबी हाताचं काम: बारीक कुंचला, श्वास रोखून एका दमात भुवई, मग पापणीची कड, मग बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका पडला की माती पाहायला लागते. त्याची मुलगी एका कारागिराजवळ उभी राहिली आणि ठिपका पडताच एक पाऊल मागे सरली. कारागीर हसला. बापाने तिला हिब्रूत काहीतरी समजावलं. काय ते मी विचारलं नाही.

रोह्याला गेलो तेव्हा मी त्याला धावीर महाराजांचं देऊळ, जिथे उत्सवात पालखीला पोलिसांची मानवंदना असते, आणि चिंतामणराव देशमुखांचं, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं गाव असं सगळं सांगत होतो. त्याला अष्टमीचा पूल हवा होता. पुलावर गाड्या एवढ्या की उभं राहायला जागा नाही. कुंडलिकेचं पाणी पाहून त्याने धाटावच्या कारखान्यांची विचारपूस केली. आजोळचं घर पडलेलं होतं, जागेवर तीन मजली इमारत. एका म्हाताऱ्या मुस्लिम गृहस्थांनी मात्र त्याच्या मामांचं नाव घेतलं, आणि मामा तिकडे काय करायचे असं विचारलं. "कापडगिरणीत होते," मित्र म्हणाला. "म्हणजे मुंबईसारखंच," ते म्हणाले, आणि चहा मागवला. मामांनी ज्या गावाला तोंड दाखवायची लाज धरली, त्या गावाला एवढंच विचारायचं होतं.

येत्या जानेवारीत तो पुन्हा येतोय, नातवाला घेऊन. पोपटीच्या दिवसांत यायचं ठरलंय. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला मी पाहतो. कोंबडी मात्र कोशर, म्हणजे ज्यू नियमाने कापलेली हवी, ती मुंबईहून आणावी लागेल. त्याची मागणी आहे जिताड्याची, खारेपाटातल्या तळ्यातला, खवल्यांचा, म्हणजे धर्मालाही चालणारा. परवा फोनवर विचारत होता, मुंबईहून गाडीने किती वेळ लागेल, तो पळस्पे-इंदापूर रस्ता झाला का? चौऱ्याऐंशी किलोमीटरचं ते चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तुझं अश्दोद वाळूतून उभं राहायला किती वर्षं लागली ते मला आधी सांग, म्हटलं, आणि दिवा-रोहा गाडीने ये. पेण स्टेशनवर मी उभा असेन.